कारणाचा रकाना

शशिकांत देवस्थळी निवृत्त होऊन सात वर्षं झाली, पण त्यांच्यातला मेन्टेनन्सवाला काही केल्या निवृत्त होत नव्हता. अंबरनाथच्या एमआयडीसीत चौतीस वर्षं त्यांनी बंद पडलेली यंत्रं चालू केली होती. आता नदीकाठच्या मांजर्लीतल्या सोसायटीचा पंप, लिफ्ट, शेजारणीचा मिक्सर, सगळ्यांचे डॉक्टर तेच. फी काही नाही, अट एकच: काम चालू असताना मध्ये बोलायचं नाही.

कंपनीत त्यांचा दरारा होता तो दोन गोष्टींमुळे. दुरुस्तीच्या वहीत तीन रकाने असायचे, दोष, कारण आणि उपाय. कारणाचा रकाना कोरा दिसला की ते त्या माणसाला चहासुद्धा गोड लागू द्यायचे नाहीत. "मशीन चालू झालं म्हणजे काम झालं नाही. का बंद पडलं ते सांग आधी." आणि वायर नवी टाकली की तिला चिठ्ठी बांधायचीच, नावाची आणि तारखेची. काम कोणी केलं ते मागून येणाऱ्याला कळलं पाहिजे, म्हणायचे.

कंपनीने जुनी डिझेल मिनीबस विकायला काढली, तेव्हा ती यांनी घेतली. दोन वर्षं खपून तिचं घर केलं. दोन बर्थ, शेगडी, पाण्याची टाकी, पंख्यासाठी वेगळी बॅटरी. गणपती झाले की पत्नी वृंदाताईंना घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने गोकर्णापर्यंत जायचं ठरलं होतं. पडदे वृंदाताईंनी स्वतः शिवले होते.

मांजर्लीकरांना एक गोष्ट पाठ असते. नदी वाढतेय असा ग्रुपवर मेसेज आला, की आधी गाड्या उड्डाणपुलावर न्यायच्या, मग गाद्या माळ्यावर टाकायच्या. ऑगस्टमधल्या त्या मंगळवारी अकरापर्यंत सोसायटीचं आवार रिकामं झालं. उरली एकटी मिनीबस. ती आदल्या दिवसापासून चालू होत नव्हती.

सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पेटायचं नाही. शशिकांतरावांनी कागदावर तपासणीचा क्रम लिहिला होता: बॅटरी, डिझेल, फिल्टर, लाइनमधली हवा. फिरवून फिरवून इंजिनची बॅटरी दमली, तेव्हा पंख्याच्या बॅटरीवरून जोड दिली. तरीही नाहीच.

"अहो, मी काय म्हणते, ते..." वृंदाताई छत्री धरून म्हणाल्या.

"वृंदा, क्रम असतो. मध्ये बोलू नकोस."

थोड्या वेळाने शशिकांतराव फिल्टरचा नट सैल करून हाताने पंप मारू लागले. "लाइनने एअर पकडलीय बघ."

"एअर सकाळी काढलीत ना तुम्ही?"

त्यांनी कागद पाहिला. हवेपुढे खूण होती, त्यांच्याच पेनाची. बोटांनाही डिझेलचा वास होता. "सकाळची वेगळी," ते म्हणाले आणि पंप मारत राहिले. वृंदाताई पुन्हा काही बोलणार होत्या, पण नवऱ्याचा चेहरा पाहून परत फिरल्या.

पाणी फाटकाशी आलं, तेव्हा शशिकांतरावांनी आयुष्यात जे केलं नव्हतं ते केलं. दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावला. उल्हासनगरच्या तीन नंबर कॅम्पातला वायरिंगवाला हरेश स्कूटर पुलावर ठेवून घोटाभर पाण्यातून चालत आला.

त्याने इंजिनच्या डिझेल पंपाला टेस्ट लॅम्प लावला. "साहेब, पंपला करंटच नाय. मग डिझेल सोडणार कोण?" वायर हाताने चाचपत तो डॅशबोर्डखाली शिरला, तिथून ड्रायव्हरच्या सीटखाली. "ये वायर कंपनीची नाय. बाद में किसीने टाकली. पण काम बघा साहेब, एक नंबर!"

"कुठल्या मूर्खाने टाकली?"

"चोरबटण आहे. गाडी कोणी पळवू नये म्हणून लावतात. ते ऑफ आहे, म्हणून करंट पोचत नाय. आणि हे बघा, चिठ्ठीपण आहे."

शशिकांतरावांनी वाकून टॉर्च मारला. अक्षर ठसठशीत होतं. श. दे., १२ मार्च.

हरेशने चिठ्ठी वाचली, साहेबांकडे पाहिलं. त्याने बटण दाबलं, सेल्फ मारला. इंजिन दोनदा खोकलं आणि काळा धूर ओकून चालू झालं.

पुलावर जाईपर्यंत शशिकांतराव मार्च महिना शोधत होते. सीटखाली वाकलो असणार, ड्रिल मारलं असणार, मेण लावलेल्या दोऱ्याने वायर बांधली असणार. एवढं काम हातांनी केलं आणि डोक्यात त्याचा मागमूस नाही? एखादी गोष्ट विसरली की निदान काहीतरी विसरलोय एवढं तरी माणसाला कळतं. इथे तेही नव्हतं. त्यांना भीती वाटली. कंपनीत बॉयलर फुटायला आला होता तेव्हाही अशी वाटली नव्हती.

पुलावर सगळी सोसायटी हजर होती. "काका असल्यावर गाडीची काय बिशाद!" कोणीतरी ओरडलं. शशिकांतरावांनी इंजिन चालूच ठेवलं, गाडीची वही काढली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, गाडी सुरू होत नाही. वृंदाताईंनी थर्मासमधला चहा पुढे केला.

"वृंदा, सीटखालचं बटण मी लावलं?"

"हो की. मार्चमध्ये. टॉर्च मीच धरला होता."

"मग बोलली का नाहीस?" विचारलं आणि त्यांचं त्यांनाच ओशाळल्यासारखं झालं.

"दोनदा आले होते सांगायला. मग म्हटलं, तुम्हीच लावलंय, तुम्ही ते आधीच पाहिलं असणार."

"मला आठवत नाहीये, वृंदा. काहीच आठवत नाहीये."

वृंदाताईंच्या हातातला पेला तसाच राहिला. शशिकांतरावांनी कारणाच्या रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं. पेन उपायाच्या रकान्यावर नेलं, बराच वेळ तिथे धरलं, मग वही मिटली.

"इंजिन तरी बंद करा," वृंदाताई हलकेच म्हणाल्या. "उगाच डिझेल जळतंय."

त्यांचा हात किल्लीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"नको," ते म्हणाले. "राहू दे चालू."