आईनं ऐकलेलं मेबी

नांदुऱ्याच्या फलाटावर मला सोडायला घरातले सगळे आले होते, वरवट बकालहून काकांच्या गाडीत दाटीवाटीनं बसून. बाबांनी बॅग डब्यात चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरायचं सोडून तिच्या साखळीचं कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघत राहिले. आई खिडकीशी उभी होती. "पोचली का फोन करजो," एवढंच म्हणाली. धाकटी वर्षा गाडी हलल्यावरही गज धरून थोडी चालली. अकोल्याला नर्सिंग शिकून मी इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात कामाला निघाले होते.

माझ्यासारखे जे गेले त्यांना ठाऊक असेल, तिकडे कामाच्या आधी भाषाच थकवते. शाळेत सरांनी मेबी म्हणजे कदाचित असं शिकवलं होतं. पण आमच्या घरात कदाचित कोण म्हणतं? येणारा "येतो" म्हणतो, न येणारा "नाई जमत", आणि अगदीच अडलं तर "पाहू". वॉर्डमध्ये मात्र दिवसभर मेबी. डॉक्टर मेबी म्हणाले तर त्यांना खरंच माहीत नसायचं. मॅनेजरबाईंचं मेबी म्हणजे नाही, फक्त तोंडावर न म्हटलेलं. एक म्हाताऱ्या पेशंट रोज विचारायच्या, आज माझा मुलगा येईल का? तो यायचा नाही हे आम्हाला कळून चुकलं होतं, तरी आम्ही मेबी म्हणायचो आणि त्या केस नीट करून बसायच्या. हळूहळू तो शब्द माझ्याही तोंडात बसला. दमलेल्या माणसाला तो फार सोयीचा पडतो.

मग वर्षाचं लग्न ठरलं, अमडापूरच्या मुलाशी. मी रजा मागितली. मॅनेजरबाई मेबी म्हणाल्या. त्याच आठवड्यात लागोपाठच्या शिफ्ट संपवून खोलीवर आले, तर घरून व्हिडिओ कॉल. अंगणात सगळे जमलेले. मामा सांगत होते, आम्ही हळदीच्या आधीच येऊन राह्यलो. काकू म्हणाल्या, मी बी. आईनं मला विचारलं, अन् तू? माझे डोळे मिटत होते. मी म्हटलं, "मेबी." तिकडे एकदम हसू उसळलं आणि रेंज गेली. ते का हसले याचा विचार करायचंही त्राण नव्हतं.

रजा मिळाली नाही. ते घरी कसं सांगावं या विचारात मी दिवस ढकलत होते. तेवढ्यात वर्षाचाच फोन आला. ती म्हणाली, आई कोणालाच करवली होऊ देत नाही, चुलत बहिणीनं नुसतं विचारलं तर तिच्यावर रागावली, माही रंजू येऊन राह्यली म्हणते. मी म्हटलं, मी कधी म्हटलं येते म्हणून? वर्षा म्हणाली, तूच तर म्हणलं, मी बी.

मी आईला फोन द्यायला सांगितलं. येणं जमत नाही, हे एकदाचं सांगितलं. मेबीचा अर्थही सांगितला.

"म्हणजे हो का नाई?" तिनं विचारलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

"दोन्ही कसं असंन, बाई? हो म्हण, नाई तर नाई म्हण. मले दोन्ही झेपते. मधातलं नाई झेपत."

लग्न मी फोनवर पाहिलं. करवली चुलत बहीणच झाली. चित्र सारखं अडकत होतं. वर्षा वळून पाहताना तशीच थांबून राहायची.

रजा पुढे हिवाळ्यात मिळाली. घरी आता आई-बाबा दोघंच. आई दारात तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होती, मीही बसले. वर्षाच्या सासरचं बोलणं झालं, वॉर्डमधल्या म्हाताऱ्या बाईंचंही. मग तिनं वर न पाहता विचारलं, "कायमची येशील का कवा?"

जीभ त्याच सवयीच्या शब्दाकडे वळत होती. मी तिला आवरलं.

"नाई, आई."

तिचे हात थांबले नाहीत. टोपल्यातल्या शेंगा तिनं सोलून संपवल्या. मग म्हणाली, "तुही खोली तशीच ठेवली होती. तुरीचे पोते ठेवतो आता तिच्यात. पडवीत ओल लागते."

दुसऱ्या दिवशी बाबांनी आणि मी खाट बाहेर काढली, पोती आत लावली. बाबा दाराशी जरा रेंगाळले आणि मग शेतात निघून गेले. उरलेले दिवस मी आईजवळ खाली अंथरूण घालून झोपले. घर म्हणून माझी म्हणावी अशी आता तेवढीच जागा, तीही सुट्टीपुरती. पण तिकडच्या सगळ्या वर्षांत मला अशी झोप लागली नव्हती. आई उठून कामाला लागायची तरी मला जाग यायची नाही, आणि ती कोणाला मला उठवूही द्यायची नाही.