चपलांच्या ओळीतली रिकामी जागा

वाठोरे बाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिसरीच्या वर्गात होतो आणि भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर हत्तीची गोष्ट चालू होती. फोन ठेवला तरी हत्ती चालतच होता, पोरं हसतच होती. बंद करायचं मला सुचलं नाही. ती स्क्रीन बाईंच्याच धावपळीनं आलेली. आता महिना उलटून गेला, तरी ती लावायला हात धजत नाही...

कनेरगाव नाक्याच्या अलीकडे आमची जिल्हा परिषदेची शाळा. मी वसमतचा, बदली होऊन इथं आलो तेव्हा बाई पहिलीला शिकवायच्या. पहिल्याच दिवशी मी घाईत चपला भिरकावून त्यांच्या वर्गात शिरलो, तर त्यांनी बोलणं थांबवलं, बाहेर जाऊन त्या सरळ केल्या आणि काही झालंच नाही अशा आत येऊन शिकवू लागल्या. पोरं माझ्याकडं बघून खुदखुदली. त्यांच्या दारात प्रत्येक लेकराच्या चपलेची जागा ठरलेली असायची, चपलांची तोंडं बाहेर. ओळीत पहिल्या चपला बाईंच्या. जो आला नाही त्याची जागा रिकामी ठेवायची, शेजाऱ्यानं सरकायचं नाही. त्यामुळं हजेरी घ्यायच्या आधीच बाईंना कळायचं, आज कोण नाही. एखादी चप्पल वाकडी दिसली की म्हणायच्या, हे लेकरू घरून रडून आलंय, आणि पाटी घेऊन त्याच्याच शेजारी बसायच्या. मला सुरुवातीला हे खूळ वाटायचं. माझा आवाज नाक्यापर्यंत जायचा, पण मी ओरडायचा थांबलो की वर्गात बाजार भरायचा. बाईंच्या वर्गात ना छडी, ना आरडाओरडा, आणि पोरं मान खाली घालून लिहीत असायची.

शाळेची अवस्था मात्र वाईट होती. पावसाळ्यात छत गळायचं. मुलींसाठी धड स्वच्छतागृह नव्हतं, म्हणून मोठ्या मुली दुपारी घरी जायच्या त्या परतायच्या नाहीत. बाईंनी निधीसाठी पंचायत समितीचे उंबरठे झिजवले आणि शेवटी तो मिळवला. पैसा वाया गेला असं कुणी म्हटलं तर मी आजही भांडेन. छत झालं, मुली संध्याकाळपर्यंत बसू लागल्या, हे पैशानंच झालं. पण मुख्याध्यापकाची जागा रिकामी होती, ती रिकामीच राहिली. भिंतीला पैसा होता, माणसाला नव्हता. सगळ्यांत जुन्या म्हणून कारभार बाईंच्या गळ्यात पडला. मग सिमेंट आलं का बघा, फरशीचे फोटो पाठवा, अहवाल द्या. त्यांची पहिली माझ्या तिसरीला जोडली गेली. चपला ठेवायला लोखंडी मांडणीसुद्धा आली आणि दारातली ओळ मोडली. पोरं तिच्यात लांबूनच चपला फेकायची, मी ओरडायचो आणि बाई ऑफिसच्या खिडकीतून नुसतं बघायच्या.

दिवाळीनंतर आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दरवर्षी दारातली एखादी जागा रिकामी दिसली की बाई त्याच संध्याकाळी त्या घरी जायच्या, आजी-आजोबांना गळ घालून लेकराला गावात ठेवून घ्यायच्या. त्या वर्षी पहिलीतली आरती, मांडणी यायच्या आधी ओळीत जागा मिळालेली, आईबापाबरोबर गेली. हजेरीत तिची गैरहजेरी रोज लागत होती, पण हजेरी काही कुणाच्या घरी जात नाही. बाईंना कळलं तेव्हा टोळी केव्हाच कारखान्यावर पोचली होती. तरी त्या आरतीच्या घरी गेल्या. आजीनं त्यांना बसायला पोतं टाकलं आणि म्हणाली, "बाई, तुमी येसाल म्हणून लेकराला दोन दिस थांबवून धरलं व्हतं." बाई त्या दिवशी शाळेत परत आल्या आणि ऑफिसचं दार लावून बसल्या. आरती पुन्हा आमच्या शाळेत आली नाही.

बाईंना शेवटचं भेटलो ते हिंगोलीत, त्यांच्या घरी. आजारानं पार वाळल्या होत्या. मी शाळेच्या गमती सांगत होतो, त्यांचं लक्ष नव्हतं. मध्येच विचारलं, आरतीचं काही कळलं का? मी नाही म्हणालो.

"शेख सर, पैसा मागितला त्याचं वाईट न्हाई वाटत. लागतच व्हता. पण त्याच्यासंगं एक माणूस मागायचं व्हतं. म्या नुसतं छत मागत राहिले."

मी म्हणालो, मागितलं असतं तरी कोण देणार होतं?

"व्हय, न्हाई दिलं असतं... पण मागितलं न्हाई ना."

निघताना उंबऱ्यात पाहिलं तर माझ्या चपला कुणीतरी सरळ करून, तोंडं बाहेर करून ठेवल्या होत्या. घरातल्या सगळ्यांनाच ती सवय होती.

मुख्याध्यापकाची जागा अजून रिकामी आहे. ती लोखंडी मांडणी मी खिचडीच्या भांड्यांसाठी देऊन टाकली. नव्या चकचकीत फरशीवर पोरं पुन्हा ओळीत चपला काढतात. मोठ्या पोरांनी लहानांना शिकवलंय, म्हणून ओळीतली पहिली जागा, बाईंची, रोज रिकामी असते. मी तिथून आत जातो आणि मग कोण आलं नाही ते बघत बसतो. पण आरतीची जागा त्या ओळीत नेमकी कुठं होती, ते फक्त बाईंनाच माहीत होतं.