चढ आला की उतरायचं

आमच्याकडं बैलगाडीला चढ लागला की धडधाकट माणसानं खाली उतरायचं, अशी रीत. बैलांना तेवढंच हलकं. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, समोरचं धड दिसेना, तरी चाकांचा आवाज बदलला की ती बराबर उतरायची.

डॉक्टरला दाखवायला तिला आधी मुंबईला नेलं. स्टेशनाबाहेर ट्राम बघितली अन् मी आ वासून उभाच! घराएवढं धूड भररस्त्यात रुळांवरून ठणाठणा घंटा वाजवत येतंय, पुढं ना बैल ना घोडा.

"कोण ओढून राह्यलंय रे?" मायनं विचारलं.

"वर तार हाय, विजेची."

"थापा नको मारू."

ती नीट बसायच्या आत ट्राम हलली अन् माय माझ्या अंगावर आली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्यावर या. आलो परत.

पिकला तेव्हा हैदराबाद गाठलं. तिथं मोटारबस. रूळ नाहीत, तार नाही, वाटेल तिकडं वळते! खरं सांगतो, ट्रामपेक्षा मला हिचंच नवल जास्त वाटलं. बायकांची बाकडी पुढं पडद्याआड; माय तिकडं, मी मागं. दवाखान्याच्या वाटेवर चढ लागला, इंजिन घरघरलं अन् पडदा हलला. माय चाचपडत दाराकडं निघालेली! मी मागून ओरडलो,

"माय, खाली बस!"

कंडक्टरनं धावत तिचा दंड धरला. "अम्मा, इसको बैल नहीं!" सगळी बस हसली.

"बैल नसंल," माय म्हणाली, "पन वझं तर हाय ना?"

दवाखान्यापाशी कंडक्टरनं बस उभी करून तिला हात धरून उतरवलं.

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. पण दिसतंय का विचारलं, की माय म्हणायची, "उजेड हाय." एवढंच. माझा जीव टांगणीला लागला. हिला आता माणसं दिसणार की नुसता उजेडच?

जालन्याच्या स्टेशनावर धाकटा भाऊ बैलगाडी घेऊन आल्ता. आमच्या गावच्या, केदारखेड्याच्या वाटेवर चढ लागला, तशी माय उतरली. मी हात पुढं केला, तिनं घेतला नाही. सरळ चालत बैलांपुढं जाऊन उभी राहिली अन् एकाच्या कपाळावरून हात फिरवत बघत राहिली. मला रडूच फुटलं.

"आरं देवा," ती म्हणाली, "किती म्हातारे झाले रे हे!"

मग भावाकडं वळली. "तू बी उतर खाली."