वळणाआधी थांबणारी जीप

तळेगाव ढमढेऱ्याहून शिरूरला जीप चालवणारे मामा फौजेतून आलेले. एकाहत्तरच्या लढाईत ते हलकी चिलखती गाडी घेऊन सगळ्यांच्या पुढं जायचे, वाट तपासायचे आणि मागच्यांना खूण करायचे. इथंही उसाआड वळण आलं की ते जीप थांबवत, उतरून पुढं चालत जात आणि रस्ता बघून येत.

एकदा मला शाळेची घाई होती. मी म्हणालो, "मामा, उसात काय रणगाडे लपलेत व्हय?" सगळे हसले.

मामा स्टेअरिंगकडं बघत म्हणाले, "एकदा न उतरताच खूण केली व्हती, गुरुजी. मागच्या गाडीत चौघं व्हते."

तेव्हापासून मी जीपमध्ये असलो की मामा वळणाआधी थांबतात आणि मला विचारतात, "गुरुजी, उतरू का?"