बेगडेवाडीच्या बाकावरून गेलेला निरोप

मी वराळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. मोजून बघितल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास ठेवत नाही. डबा खाताना भुताखेतांचा विषय निघाला, की उठून हात धुवायला जाणारा माणूस मी... त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. तरी लिहितो, कारण आभार मानायचे आहेत आणि पत्ता माहीत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुमारास मी मोबाइलमधली सगळी सोशल ॲप्स काढून टाकली. बायको म्हणाली, "आठ दिवसांत परत टाकाल, लिहून देते!" तिला कारण सांगितलं नव्हतं. झालं होतं असं, की एका ॲपने सकाळी सकाळी 'वर्षभरापूर्वीची आठवण' म्हणून माझीच कमेंट माझ्यासमोर आणून ठेवली – 'भावपूर्ण श्रद्धांजली', पुढे जोडलेले दोन हात. खाली लगेच कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक.

ती कमेंट होती शेवंतावहिनींसाठी. वडिवळ्याच्या बबनची बायको. बबन आणि मी कामशेतच्या शाळेत एका बाकावर बसलेलो. वहिनींच्या हातचं किती वेळा जेवलोय याला गणती नाही. आणि त्या गेल्यावर मी काय केलं? दोन शब्द टाइप केले आणि सुटलो! मातीला गेलो नाही, दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. साधं भेटायला जाऊन पाच मिनिटं त्याच्या ओटीवर बसलो नाही. वर्ष गेलं. लाज वाटली हो, भयंकर लाज वाटली.

ॲप्स काढली, पण जायला तोंड कुठलं? आणखी दोन आठवडे असेच घालवले. मग एका रविवारी फोन मुद्दाम घरी ठेवला, बायकोला "जरा जाऊन येतो" म्हणालो आणि बेगडेवाडी स्टेशन गाठलं. वडिवळ्याला जायचं हे तिथे पोचेपर्यंत माझंही नक्की नव्हतं. म्हणजे कुणालाच माहीत असायचं कारण नव्हतं.

लोणावळ्याची गाडी नुकतीच गेलेली. बाकावर एक मावशी बसल्या होत्या. हिरवं लुगडं, शेजारी काकड्यांची पाटी.

"कुटं निगालात, भाऊ?"

का कोण जाणे, त्यांना मी सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणालो, "मावशी, त्याने दारातूनच हाकललं तर?"

"त्यांस्नी काय सांगायचंय, ते हितं म्हणून बगा की."

वेड्यासारखा मी खरंच म्हणालो, "बबन्या, उशीर झाला रे. पण येतोय. कुठं जाऊ नकोस."

"बास की! यवढंच सांगा."

मी सवयीने घड्याळ बघितलं. साडेनऊ. थोड्या वेळाने गाडी आली, मी चढलो. दारातून मागे पाहिलं तर मावशी बाकावरच होत्या, काकड्या पुसत.

कामशेतला जीप धरली. वडिवळ्याला पोचायला अकरा वाजले. बघतो तर बबन ओटीवर बसलेला, धुतलेला शर्ट घालून. शेजारी दोन कप पालथे.

"आलास व्हय रं? लय वाट बगाय लावलीस!"

"तुला कुणी सांगितलं मी येतोय?"

"कुणी म्हंजे? तूच मावशीकडं निरोप धाडला न्हवं का! हिरवं लुगडं, काकड्यांची पाटी... म्हनली, 'उशीर झाला, पण येतोय, कुटं जाऊ नकोस, आसं तुज्या दोस्तानं सांगितलंय.' मी निगालोच हुतो डोंगरावर गवत कापाय. इळा हातात हुता बग."

"किती वाजता आली होती?"

"साडेनवाची एसटी तवा नुकतीच गेलती."

त्याच वेळी तर मावशी बेगडेवाडीला माझ्या शेजारी बाकावर होत्या! ओटीच्या कडेला पाण्याचा तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा होता. मावशीसाठी आणला होता त्याने. आतून घेऊन येईपर्यंत ती निघून गेलेली.

पण आधी जे करायला आलो होतो ते केलं. "चुकलो रे," एवढंच म्हणालो. त्याने मला मिठीत घेतलं आणि आम्ही दोघं पन्नाशीचे बाप्ये लहान पोरांसारखे रडलो. रडता रडताच तो छाती धरून खाली बसला. अंग गार, घामाने डबडबलेलं. "पित्त झालंय रं," म्हणाला. पित्त कसलं! मी आलो ती जीप अजून देवळापाशीच सीटा भरत होती. ओरडत पळालो, त्याला उचलून आत घातलं.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "वेळेत आणलंत. एकटे डोंगरावर असते तर..."

बबन वाचला. आज ठणठणीत आहे, मला शिव्या घालतो.

नंतर मी बेगडेवाडीला दहा वेळा चौकशी केली. स्टेशनबाहेरचा चहावाला म्हणतो, "काकडीवाली? हितं कुणीच बसत न्हाई, साहेब." वडिवळ्यातही तिला बबनशिवाय कुणी पाहिलं नाही. माझं घड्याळ तपासलं, बरोबर होतं. एसटीची वेळही विचारून आलो. दोन बायका असतील म्हणावं, तर माझे शब्द दुसरीला कळले कसे? कारखान्यात माल रिजेक्ट झाला, की रिपोर्टवर 'कारण' म्हणून एक रकाना असतो. तो मी आजवर कधी रिकामा सोडला नाही. हा मात्र रिकामाच राहिलाय.

बबनची मुलगी म्हणाली, "काका, ग्रुपवर टाकू या, लगेच सापडेल." बबनने हात झटकला. "काय नको. यायचं आसंल तर यील आपल्या पायानं."

आता एक रविवार सोडून मी वडिवळ्याला जातो. ओटीवर तांब्या असतो आणि झाकलेल्या वाटीत गूळ. बबन रोज सकाळी पाणी बदलतो. बाई एवढ्या लांबून निरोप घेऊन आली आणि कोरड्या तोंडाने गेली, याची त्याला फार रुखरुख आहे.

मलाही आहे. मावशी, कुठे असाल तिथून... एकदा पाणी प्यायला या.