पहाडीला गाल लावणाऱ्या बाई

बिसेन बाईंना मी पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा त्या जमिनीवर पालथ्या पडलेल्या होत्या. मला वाटलं, भोवळ आली. डिसेंबरातली सकाळ, पहाडीच्या सपाटीवर दवाने भिजलेलं गवत, आणि त्यात आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या ज्येष्ठ शिक्षिका उजवा गाल लाल दगडाच्या एका फटीला लावून, डोळे मिटून निपचित. मी धावत गेलो. "बाई! काय झालं बाई?"

डोळे न उघडता त्यांनी एक हात वर केला.

"चूप राहा गा. पहाडी सास सोडून राहिली."

मी अर्जुनी मोरगावकडचा, गणिताचा शिक्षक. आमगावपासून एसटीने तासाभरावरच्या या शाळेत रुजू होऊन मला आठच दिवस झाले होते. रविवारी काय करता, असं बाईंनी विचारलं, काही नाही म्हणालो, म्हणून दोराचं वेटोळं माझ्या खांद्यावर आलं होतं. बाई उठून बसल्या. ओढणीने गालाची माती पुसली आणि म्हणाल्या, "लावा गाल. हात नका लावू, खडूनं तुमचा हात निबर झाला असंल."

मी गाल लावला. त्या गारठ्यात फटीतून कोमट, ओलसर हवा येत होती. गोठ्यात गाईच्या नाकाशी तोंड न्यावं तशी. मी दचकून मागे सरलो तर बाई लहान मुलीसारख्या हसल्या.

त्यांचं शास्त्र साधं होतं. गुहेच्या आतली हवा बारा महिने जवळपास सारखीच असते. थंडीत बाहेर गारठा पडला की आतली कोमट हवा वरच्या फटींतून बाहेर येते, कधी कधी तिची वाफ दिसते, आणि फटीच्या काठाला भर हिवाळ्यात हिरवंगार शेवाळ धरतं. उन्हाळ्यात उलटं. तेव्हा बाई फटीशी उदबत्ती धरायच्या आणि धूर आत ओढला जातो का ते बघायच्या. असं करत करत नऊ वर्षांत त्यांनी पहाडीवर अकरा तोंडं शोधली होती. काहींत मांजरही शिरलं नसतं. चारांत माणूस जात होता.

हे सगळं कशासाठी, असं लोक विचारायचे. एसटी स्टँडवरच्या चहावाल्यापासून त्यांच्या सख्ख्या भावापर्यंत सगळे. बाईंनी लग्न केलं नव्हतं, गुडघे दुखायचे, आणि निवृत्तीला दोनच वर्षं उरली होती. भाऊ म्हणायचा, या वयात बिळात तोंड घालणं शोभतं का. बाईंचं उत्तर ठरलेलं. "पुस्तकात लिहिलंय, या पहाडीत गुफा नाही. मी तेच तीस वर्षं पोरायले शिकवलं. आता माहीत झालं का ते खोटं हाय, तर काऊन चूप बसू?"

भूगोलाच्या तासालाही त्या असंच बोलायच्या. पाहुणे, तपासनीस कुणीही वर्गात असो, बाईंची झाडीबोली बदलायची नाही. एकदा एक साहेब म्हणाले, मॅडम, जरा प्रमाण भाषेत शिकवा. बाई म्हणाल्या, "पोरायले समजून राहिलं काय, ते विचारा. तुम्हाले समजलं नसंल तर पुन्हा सांगतो." साहेब पुढच्या वर्गात गेले.

त्या हट्टी होत्या, पण बेफिकीर नव्हत्या. गुहेत शिरण्याचे नियम कडक. तीन बत्त्या, दोन माणसं, आणि खाली गावात एकाला सांगून ठेवलेली परतीची वेळ. यातलं एक जरी नसलं तरी आत पाऊल टाकायचं नाही. माझ्याआधी शाळेतला प्रयोगशाळेचा मदतनीस त्यांच्याबरोबर जायचा. त्याची बदली झाली आणि ते दुसरं माणूस मी झालो.

दुसऱ्या वर्षी धानाची कापणी आटोपता आटोपता बातमी आली. पहाडीचा मधला पट्टा एका खाजगी कंपनीला दगड काढायला हवा होता. सुरुंग लावायचे, खाली क्रशर बसवायचा. कंपनीने कुणा सल्लागाराकडून अहवाल करून घेतला होता, त्यात लिहिलं होतं: संपूर्ण पठार घन खडकाचे असून त्यात कोणत्याही नैसर्गिक पोकळ्या आढळल्या नाहीत. ग्रामसभेत तो वाचून दाखवला तेव्हा बाई मागच्या रांगेतून उठल्या.

"वाचा न, पुन्हा एकदा वाचा. कोन आढळलं नाही म्हणते?"

कंपनीचा माणूस नम्र होता. तो हसून म्हणाला, "मॅडम, आप टीचर हो, आपका सम्मान है. पण हे टेक्निकल काम आहे."

"मी त्याच दगडात पोटावर सरपटून आली. तुमचा टेक्निकल मानूस गाडीतून तरी उतरला होता काय?"

सभेत हशा पिकला. पण बाईंचा मुद्दा हशापलीकडचा होता. पहाडीच्या पायथ्याशी एक झरा आहे. मे महिन्यातही तो आटत नाही. टोला म्हणतात त्या खालच्या वस्तीतली गोंड घरं त्याचंच पाणी पितात आणि पुढे त्यावरच गावची बोडी, म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं, भरते. बाईंचं म्हणणं होतं की सपाटीवर मुरणारं पाणी पहाडीच्या पोटातून वाहत या झऱ्याला येतं. पोट फोडलं तर झरा जाईल.

"सिद्ध करा," कंपनीचा माणूस म्हणाला.

"करतो," बाई म्हणाल्या.

सपाटीवर एक लहान नाला आहे, तो एका मोठ्या भोकात गडप होतो. ते भोक सगळ्या गावाला माहीत. बाईंनी राइस मिलमधून धानाच्या कोंड्याची तीन पोती आणली आणि सरपंच, कंपनीचा माणूस आणि निम्म्या गावासमोर त्या भोकात ओतली. मग सगळे खाली झऱ्याशी जाऊन बसले. दुपार झाली. संध्याकाळ झाली. पाणी आरशासारखं स्वच्छ. कोंड्याचं एक टरफल आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्याही नाही. पोरं शाळेच्या भिंतीआडून "कोंडाबाई" म्हणून ओरडायला लागली. आठवीचा एक वर्ग शिक्षा म्हणून उभा राहिला, पण शिक्षा मुख्याध्यापकांनी केली. बाई म्हणाल्या, "बसवा त्यायले. कोंडा मीच टाकला न? नाव बरोबर हाय."

आणि मला म्हणाल्या, "पानी रस्ता नाही चुकलं कापगते. मी तोंड चुकली."

इथे मला माझ्याबद्दल लिहिणं भाग आहे. मुख्याध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. दार लावून म्हणाले, "देखो सर, आपकी नौकरी नई है. मॅडमला पेन्शन दिसते आहे. आपका क्या?" एवढंच. पुढच्या रविवारी मी बाईंना निरोप दिला की तब्येत बरी नाही. त्याच्या पुढच्या रविवारी पाहुणे आले. तिसऱ्या रविवारी काही कारणही कळवलं नाही. शाळेत बाई समोर आल्या की मी हजेरीपटात डोकं घालायचो. त्यांनी एकदाही विचारलं नाही.

चौथ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली. सकाळी साडेसहाला माझ्या खोलीची कडी वाजली. बाई उभ्या होत्या. स्वेटरवर स्वेटर, कानाला मफलर, पायात पुरुषी रबरी बूट.

"तोंड सापडलं. वाफ निंघून राहिली. चला."

"बाई, मी..."

"माहीत हाय मले. तुमाले भेव वाटून राहिलं. वाटू द्या. तीन आठवडे मी नुसती बाहेरून पाहून राहिली, आत गेली नाही. आत जायले दोन मानसं लागतात. दुसरं मानूस तुमी हा."

त्या रागावल्या असत्या तर मी कदाचित दार लावलं असतं. मी बूट घातले.

ते तोंड मोठ्या भोकापासून बरंच वर, चिल्हाटीच्या काटेरी जाळीखाली होतं. गारठलेल्या उन्हात त्या जाळीतून बारीक पांढरी वाफ वर येत होती, आत कुणी चूल पेटवल्यासारखी. जाळी तोडायला तासभर गेला. बाईंनी खालच्या टोल्यावर सोनाबाई मडावींना निरोप ठेवला होता: बारापर्यंत परतलो नाही तर माणसं घेऊन या. मग डोक्याला बत्ती बांधून त्या पहिल्या आत सरपटल्या. मी त्यांच्या बुटांचे तळवे बघत मागे. छाती दगडाला घासत होती, तोंडात वटवाघळांच्या विष्ठेची चव आली होती. एका जागी माझे खांदे अडकले आणि मी ओरडलो. पुढून बाईंचा आवाज आला, अगदी वर्गातला. "सास सोडा. पूरी सोडा. आता सरका." सरकलो.

पुढे उभं राहता आलं. बाईंनी बत्ती बंद करायला लावली. अंधारात, खूप जवळ, पाणी वाहत होतं.

शेजारून नाक ओढल्याचा आवाज आला आणि बाई म्हणाल्या, "घन खडक म्हणतात."

दुसऱ्या दिवशी शाळेला रीतसर रजा टाकून आम्ही कोंड्याची दोन पोती लहान पिशव्यांत भरून, दोराने ओढत आत नेली आणि त्या पाण्यात सोडली. या वेळी गावाला बोलावलं नव्हतं. फक्त सरपंचांना बाईंनी सांगितलं होतं की दुपारी झऱ्याकडे चक्कर मारा. आम्ही मातीने माखलेले खाली उतरत होतो तोच टोल्यावरून भांडणाचा आवाज ऐकू आला. सोनाबाई मडावी पाण्याने भरलेल्या पितळी गुंडीशेजारी कंबरेवर हात ठेवून कडाडत होत्या. "कोनं टाकला वं माह्या गुंडीत कोंडा? दोनदा घासली, दोनदा भरली, पुन्हा कोंडा! पानी पेवाचं का गुराले घालाचं?"

बाई धावल्या. दुखरे गुडघे घेऊन साठीकडे झुकलेली बाई उतारावरून अक्षरशः धावली. झऱ्याच्या तोंडाशी कोंड्याची पिवळी साय धरली होती आणि आतून आणखी येत होती. सरपंच गुडघाभर पाण्यात उभे राहून ओंजळीने कोंडा उचलून बघत होते. बाईंनी सोनाबाईंना मिठी मारली. सोनाबाईंना काही कळेना, त्या अजून रागातच होत्या.

पुढच्या ग्रामसभेत कंपनीचा माणूस म्हणाला, कोंडा तुम्ही झऱ्यातच टाकला नाही कशावरून? बाईंनी दोर त्याच्यापुढे धरला. "चला. आत्ता चला. मी पुढं, तुमी मंदात, कापगते सर मागं." तो गेला नाही. सरपंच गेले. बाहेर आले तेव्हा त्यांचा पांढरा शर्ट ओळखू येत नव्हता. ठराव हात वर करून झाला, परवानगी नाकारली, आणि वर फेरतपासणीची मागणी गेली. दीड वर्ष कागद फिरले. अखेर कंपनीने अर्ज मागे घेतला.

ठरावाच्या संध्याकाळी सोनाबाईंनी आम्हाला अंगणात बसवलं. चहा दिला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी शोधली शोधली म्हनता. आमच्या बुढ्यायले माहीत होती ते जागा. एक नाही, लय हायेत. आत आमचे देव हायेत. आमी सांगतलं नाही, कारन सांगतलं का लोकं येतात."

मला वाटलं, इतक्या वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलेलं बाईंना लागेल. त्यांनी कप खाली ठेवला. "मंग मले पाहून काऊन चूप राहिल्या?"

"तुमी काही नेत नव्हत्या. पालथ्या पडून फक्त आयकत होत्या."

तेव्हापासून बाई "मी शोधली" म्हणाल्या नाहीत. आणि सोनाबाईंना शब्द दिला, झऱ्याच्या पाण्याकडे नेणारं तोंड गावाने पाहिलं ते पाहिलं, बाकीची तोंडं टोल्याला विचारल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही.

बाई निवृत्त झाल्या. त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना पोटाचा कर्करोग निघाला. भाऊ त्यांना नागपूरला नेत होता, आणत होता. याच दिवसांत एक अधिकारी शाळेत आले. पहाडीवर पर्यटन सुरू करायचं होतं. पायऱ्या, रेलिंग, आत रंगीत दिवे. त्यांना सगळी तोंडं हवी होती. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं, त्याच खोलीत.

"सर, तुम्हाला सगळ्या जागा माहीत आहेत. एक दिवस आमच्या माणसाबरोबर फिरा," अधिकारी म्हणाले.

मी नाही म्हणालो.

"का?"

"त्या जागा माझ्या नाहीत. टोल्यावर विचारा, ग्रामसभा घ्या. ते हो म्हणाले तर मीच दोर घेऊन येतो."

"तुम्ही नोकरीत आहात, हे लक्षात आहे ना?"

आहे म्हणालो, आणि तास सुरू झाला होता म्हणून उठलो.

त्या आठवड्यात मी बाईंना भेटायला गेलो. त्या खाटेवर होत्या, चेहऱ्यात फक्त डोळे उरले होते. उठवून बसवायला भावजय लागत होती. मी सगळं सांगितलं. बाईंनी डोळे मिटून ऐकलं, आणि थांबून थांबून विचारलं, "आवाज थरथरला काय गा?"

"थरथरला."

"थरथरू दे. शब्द फिरवला नाही न?"

"नाही बाई."

"मंग झालं," बाई म्हणाल्या, आणि भावजयीला हाक मारून मला चहा करायला सांगितलं.

पाचव्या दिवशी त्या गेल्या. पर्यटनाची ग्रामसभा अजून झालेली नाही. जागा दाखवा म्हणणारा कागद दोनदा शाळेत येऊन गेला. दोन्ही वेळा मी तेच उत्तर दिलं, दुसऱ्यांदा लेखी.