हसू मोजायला गेलेलो

आमच्या बिल्डिंगमधले काका स्टेजवर आले की त्यांच्या कंपनीचा टाइमकीपर खुर्चीवरून खाली पडायचा. डोंबिवलीपासून आंबिवलीपर्यंत कुणालाही विचारा. एका वर्षी तो इतका जोरात पडला की पुढच्या कामगार नाट्यस्पर्धेला त्याला खुर्चीला दोरीने बांधून ठेवलेला. तर तो खुर्चीसकट पडला. परीक्षकांनी काकांना अभिनयाचं पहिलं बक्षीस दिलं आणि टाइमकीपरला उत्तेजनार्थ.

मग ती कंपनी बंद पडली. नाव घेऊन आता कुणाचं भलं होणार नाही. काका विनोद करायचे थांबले नाहीत, लोकच हसायचे थांबले. ज्याचा पगार गेलाय त्याच्या विनोदाला हसायला माणसांना भीती वाटते. जिन्यात काकांनी काही चावट टाकलं की समोरचा मान तिरकी करून विचारायचा, "मग, कुठे बघताय का काम?" पुढे पुढे काका जिना चढताना खोकायचे तेवढेच.

नव्वद साल उलटून गेलं होतं, गॅलरी-गॅलरीतून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या. मी संध्याकाळच्या वर्गात जनसंवादाचा डिप्लोमा करत होतो. आमच्या सरांना परदेशातलं काहीबाही वाचायची सवय होती. ते एके दिवशी म्हणाले, "खोटा माहितीपट करा. सगळं सरकारी माहितीपटासारखं गंभीर, पण विषय अचाट. लोक हसून मेले पाहिजेत." अख्खा सिनेमा करायची आमची ऐपत नव्हती, म्हणून म्हणाले, "ट्रेलर करा. आणि तो दाखवून शोधून काढा, तुमचा प्रेक्षक कोण, तो कुठे हसतो, किती हसतो. मार्क त्या संशोधनाला आहेत."

माझा एक मित्र ठाण्याच्या कोपरीचा. तो लग्नांचं शूटिंग करायचा, खांद्यावर ठेवायचा कॅमेरा त्याच्याकडे होता. तो कॅमेरा एवढा जड की मित्राचा उजवा खांदा डाव्याहून चार बोटं खाली गेलेला. शिंपी त्याचे शर्ट तसेच तिरके बेतायचा. कॅमेरा मिळाला, मित्र मिळाला, उरला नट. मी काकांचं दार वाजवलं.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी रंग पाहिला.

"पैसे नकोत," ते म्हणाले. "पण किती हसले ते मला खरं सांगायचं. तू आमटीत मीठ जास्त पडलं तरी समुद्र आला म्हणून सांगतोस. हे एक सोडून."

"काका, माझ्यावर विश्वास नाही?"

"काडीचा नाही. म्हणून तर सांगतोय."

गोष्ट काकांनीच रचली. बंद पडलेल्या कंपनीतला एक कामगार. त्याने घरी सांगितलेलंच नाही. तो रोज येतो, गेटसमोरच्या बाभळीला टांगलेल्या डब्यात हजेरीचं कार्ड घालतो, गेटवरच्या कुत्र्याकडे किरकोळ रजेचा अर्ज देतो, तोंडाने भोंगा वाजवतो आणि जेवायला बसतो. मग बोनसची बोलणी: या बाजूला युनियन म्हणून बसतो, उठून त्या बाजूला मॅनेजमेंट म्हणून बसतो, आणि बोलणी फिसकटतात. मागून माझा आवाज, इतका गंभीर की रेकॉर्डिंग चालू असताना खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी कोण वारलं म्हणून वर माणूस पाठवला. काकांचा चेहरा शेवटपर्यंत हलला नाही. कॅमेऱ्यामागे मित्र हसून हसून थरथरत होता, म्हणून अर्धी चित्रं हललेली आहेत.

संशोधनाची पद्धत माझी. मी टीव्हीला पाठ लावून, लोकांकडे तोंड करून बसायचो. पडद्यावर काय चाललंय ते मला आवाजावरून कळे. मी फक्त चेहरे बघायचो. हसण्याची प्रतवारी केलेली: ओठ हलले, दात दिसले, पोट हललं, माणूस आडवा.

पहिला खेळ आमच्याच बिल्डिंगमध्ये, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. बायका, म्हातारे, सगळे दाटीवाटीने. काका मुद्दाम आले नाहीत. म्हणाले, नट समोर असला की लोक उगाच हसतात. खेळ सुरू झाला. कुत्र्याला अर्ज दिला तिथे मी पोट हलण्याची वाट बघत होतो, तर पुढच्या रांगेतल्या वहिनींनी पदर डोळ्याला लावला. बोनसच्या बोलण्यांना कुणीतरी "अरेरे" म्हणालं. भोंग्याला एक आजी उठूनच गेल्या.

"अहो, विनोदी आहे हे," मी ओरडलो.

"तू गप्प बस," एक निवृत्त मास्तर दबक्या आवाजात म्हणाले. "एका माणसाच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि तुम्ही त्याचं शूटिंग करता? त्याला आधी ठाण्याला दाखवा."

आमच्याकडे ठाण्याला दाखवा म्हटलं की कुठे, ते विचारावं लागत नाही.

काकांना काय थाप मारायची ते ठरवत मी सकाळी त्यांच्याकडे गेलो, तर थाप मारायची सोयच उरली नव्हती. टेबलावर झाकलेल्या वाट्या. काकू म्हणाल्या, "पहाटेपासून दार वाजतंय. तीन घरचा शिरा आलाय, दोन घरची खीर. आणि चौथ्या मजल्यावरून अंगारा." काका खुर्चीत बसून शिरा खात होते.

"ओळखीचे लोक," ते म्हणाले. "यांना माझी कंपनी बंद झाल्याचं माहीत आहे. यांना हसू येणार नाही. अनोळखी लोक बघ. चल, ठाण्याला जाऊ, सगळे म्हणताहेतच तर."

म्हणून दुसरा खेळ कोपरीला, मित्राच्या आत्याच्या घरी. दुपारी मासळी विकून परतलेल्या बायका ओटीवर पाय पसरून बसलेल्या. ह्या बायका हसल्या की खाडीतली बगळ्यांची रांग उडते, मी स्वतः पाहिलंय. काका मागे भिंतीशी, साधा शर्ट-पँट घालून, पाहुण्यासारखे बसले. ट्रेलर संपला. बगळे जागचे हलले नाहीत.

"हसाचं कं यात?" आत्या म्हणाली. "या बाबाचा कोन हाय का नाय? बायको काय करते याची?"

"मावशी, तो नट आहे. खोटं आहे सगळं."

"गप रं. टीव्हीवर खोटं कुत्रं दाखवतील होय?"

एवढ्यात तिची नजर भिंतीकडे गेली. ती उठली, काकांसमोर जाऊन उभी राहिली, नीट निरखलं, आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. "आता बरा हायस ना, बाबा?"

काका म्हणाले, "हो. आता बराय."

निघताना तिने कागदात बांधलेली सुकट त्यांच्या हातात कोंबली. स्टेशनवर काकांनी ती पुडी एकदा हुंगली. मग म्हणाले, "भिकार नट आहे मी, किंवा फार थोर. मधलं काही नाही."

पण मित्राचा एक केबलवाला ओळखीचा होता, कल्याणचा. त्याला घरोघरच्या वायरींमधून दाखवायला काहीही चाले. तो म्हणाला, रविवारी सिनेमाच्या आधी लावतो. शहाडपासून पार डोंबिवलीपर्यंत दिसेल. काका पुन्हा उजळले. जिन्यात माझा दंड धरून म्हणाले, "एवढ्या घरांत एक तरी शहाणा निघेल रे. एकच. कुठल्या तरी चाळीत एक माणूस खो खो हसेल, बायको विचारेल काय झालं, आणि त्याला सांगता येणार नाही. मला तेवढा पुरे."

रविवारच्या आधी तिसरा खेळ लावायचं त्यांनीच सुचवलं. आंबिवलीला, युनियनच्या पत्र्याच्या शेडमध्ये, त्यांच्या जुन्या सोबत्यांपुढे. "ते मला ओळखतात. मी चेहरा गंभीर केला की ते लोळतात. रविवारसाठी हसायला कुठे किती जागा सोडायची ते तिथे कळेल."

आठवड्यातल्या मधल्या वाराची दुपार. शेडमध्ये वीस-पंचवीस जण पत्ते खेळत बसलेले. काकांना बघताच आरडाओरडा: "आला, आला, नटसम्राट आला!" "काय रे, पोट सुटलं तुझं, कोण भरवतंय?" "अख्खी सोसायटी," काका म्हणाले, आणि ते सगळे हसले. मी टीव्हीला टेकून त्यांच्याकडे तोंड करून बसलो. पडद्यावर नुसता काकांचा चेहरा आला आणि पत्रा उडाला. थाप नाही. दात, पोट, आडवे, सगळ्या प्रती एकदम. मी मान उंचावून काकांकडे पाहिलं. मागे दाराशी ते उभे होते, डोळे पाण्याने भरलेले.

मग पडद्यावरचे काका बोलायला लागले. "घरी सांगितलेलं नाही. बायको सकाळी डबा भरून देते. आता भरलेला डबा हातात दिल्यावर माणूस कामावर नाही गेला, तर जाणार कुठे?"

ट्रेलरमधलं सगळ्यात हुकमी वाक्य. माझं तोंड लोकांकडे नसतं तर मला वाटलं असतं वीज गेली. हसणं मध्येच कापल्यासारखं थांबलं. मग मला हालचाल दिसली, खाली, जमिनीजवळ. प्रत्येकाच्या पायाशी एक पिशवी होती. चेनची, खाकी, प्लॅस्टिकच्या वायरची. आणि एकेक जण पडद्यावरची नजर न काढता, पायाने, हळूच, आपली पिशवी बाकाखाली सरकवत होता.

भोंगा झाला, बोनस झाला. कॅसेट थांबल्यावर एक उंच फिटर उठून काकांजवळ गेला.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"डब्याचं."

"सांगेल कोण? मी रचलंय. तालमीत सुचलं."

"रचलंय," फिटर म्हणाला. "मी घरी सांगितलंय, ठाण्याला दुसरीकडे लागलो म्हणून. फंडातलं काढून महिन्याला पगार देतो. याचंही तेच, त्याचंही तेच. पोराला तर मी सेकंड शिफ्टसुद्धा सांगतो."

"अरे पण..."

"रविवारी केबलवर लावताय म्हणे." त्याने काकांच्या शर्टाचं बटण चिमटीत धरलं होतं, सोडत नव्हता. "आमच्याकडे रविवारचा सिनेमा सगळे मिळून बघतात रे. मी पण असतो. ही बाजूला असते. तुझा चेहरा तिला माहीत आहे, आपल्या कंपनीतला म्हणून."

मी मनात काय काय जुळवत होतो: कंपनीचं गेट कापू, डब्याचं वाक्य कापू. पण ते वाक्य कापलं तर उरतो एक वेडा आणि एक कुत्रा. हे काकांना माझ्याआधी कळलेलं.

"नाही लावत," ते म्हणाले.

"शपथ?"

"नाही लावत म्हटलं ना. पिसायला घे पत्ते."

ते त्यांच्यात बसून दोन डाव खेळले, दोन्ही हरले. कुणीतरी पिशवीतून डबा काढून त्यांच्यापुढे केला, त्यांनी एक पोळी घेतली. विनोद एकही केला नाही. परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "काका, पुन्हा काढू, दुसरी गोष्ट रचा." ते म्हणाले, "रचायला गेलो तर काय काय खरं निघेल कोण जाणे."

शनिवारी ते माझ्याबरोबर मित्राच्या व्हिडिओच्या दुकानात आले. कॅसेट तशीच माझ्या कपाटात पडली असती, पण त्यांना कपाटाचा भरवसा नव्हता. माझा तर मुळीच. म्हणाले, याच्यावर दुसरं काहीतरी घे, माझ्यासमोर. मित्राने कोपरीतल्या कुणाच्या तरी बारशाचं शूटिंग लावलं आणि आमची कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये सरकवली. बटणावर बोट ठेवून तो थांबला.

"काका, शेवटचं एकदा बघायचं का?"

"नको. काम बरं झालेलं."

त्याने बटण दाबलं. टीव्हीवर पाळणा, फुगे, फ्लॅशच्या उजेडात डोळे मिटून घेणाऱ्या बायका. बाळाच्या आत्याबाई त्याच्या कानात नाव सांगायला वाकल्या, मागून कुणीतरी त्यांच्या पाठीत गुद्दा घातला, आणि त्या खोट्या खोट्या कळवळल्या. मी चुकून हसलो. काका पुढे झुकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बघत होते. चेहरा गंभीर.

"झालं काका," मित्र म्हणाला. "तुमचा भाग केव्हाच गेला. बंद करू?"

"अजून थोडं जाऊ दे," काका म्हणाले.